विमानात बंदूक कुणाच्या कमरेला?

सकाळी ग्राउंडवर पोरं पळवायची आणि मग टपरीवर चहाला बसायचं, हा क्रम वर्षानुवर्षं चालला की किस्से आपोआप साठतात. सांगितले नाहीत तर पोट फुगतं! कोल्हारला आमची पोलीस-मिलिटरी भरतीची अकॅडमी आहे. मी फौजेतला निवृत्त हवालदार. पीटी घेणारे योहान सर शाळेतून रिटायर झालेले. तिसरा रंगनाथ, एसटीचा माजी कंडक्टर. तो काही शिकवत नाही, फक्त बोलतो.

*

एकदा मोबाईलवर बातमी आली, विमानात कुणीतरी राडा घातला. झालं, विषय निघाला! विमानात साध्या कपड्यात हत्यारबंद गार्ड बसवायचा, तर कोण बसवावा?

"फौजी!" मी ठणकावून सांगितलं. "दुसरं कोण? आम्ही डोळ्यात तेल घालून बसतो."

योहान सर शांतपणे म्हणाले, "रविवारी चर्चला जेवायला आला होतास, तेव्हा खुर्चीतच घोरत होतास. पोरांनी तुझ्या ताटातली जिलेबी पळवली!"

मी आजही म्हणतो, फौजीच पाहिजे. जिलेबीचा इथं काय संबंध?

*

रंगनाथचं मत वेगळं. "कंडक्टर घ्या! बंदूकच लागत न्हाई."

पुरावा म्हणून त्यानं आपलाच किस्सा सांगितला. कोपरगावच्या गाडीत एक जण पिऊन चढला, हातात ऊसतोडीचा कोयता. "आज एकेकाला बघतोच!" म्हणून ओरडायला लागला. रंगनाथ तिकिटाचं मशीन घेऊन त्याच्यापुढं उभा राहिला. "बघ की. पण आधी तिकीट काढ."

गडी गोंधळला. "धरा जरा, मावशी," म्हणून कोयता शेजारच्या म्हातारीकडं दिला आणि खिसे चाचपायला लागला. मावशीनं कोयता खिडकीतून थेट उसात भिरकावला!

*

मग प्रात्यक्षिकच घ्यायचं ठरलं. ग्राउंडवर खुर्च्या मांडून विमान केलं, पोरापोरींना प्रवासी केलं. त्यांच्यातलाच एक अतिरेकी. गार्ड अर्थात मी. शर्टाखाली लाकडी पिस्तूल.

सगळे बडबडत होते, योहान सर तेवढे गप्प. आपल्या भागातला माणूस एवढा गप्प म्हणजे संशय आलाच! मी झडप घातली. "हात वर!"

"अरे बाबा, मी पायलट!" सर ओरडले.

मी कमरेला हात घातला, तर पिस्तूल गायब. मागून रंगनाथची लेक मनीषा म्हणाली, "सर, हे शोधताय का?" पाण्याची बाटली मागायला आली होती, तेव्हाच तिनं ते काढून घेतलं होतं! तिचं खरं नाव वेगळं आहे. विचारू नका, सांगणार नाही.

*

ही मनीषा पुढं फोर्समध्ये भरती झाली, कमांडोचं ट्रेनिंगही झालं. एकदा सुट्टीला आली आणि बापाला म्हणाली, "आप्पा, इथून पुढं मी कुठं दिसले तर वळख द्यायची न्हाई. हाकसुदिक मारायची न्हाई. माझी ड्युटीच तशी हाय. कुणाला कळलं तर ड्युटी जाईल, आन् माझ्यासकट बाकीच्यांच्या जिवाला धोका."

गावातली पोरं अभिनंदनाचा फ्लेक्स लावायला आली. रंगनाथनं त्यांना हाकलून दिलं. "कसलं अभिनंदन? हापिसात टायपिंग करती ती!"

गावभर बातम्या वाटणारा माणूस, आणि स्वतःच्या लेकीचं कौतुक गिळून बसला. लई जड गेलं त्याला. मला तर ते बघवत नव्हतं.

*

योहान सरांच्या पुतण्याचं लग्न दिल्लीला होतं. आम्ही तिघं शिर्डीहून विमानानं निघालो, जन्मात पहिल्यांदाच. पुढं रंगनाथ, मागं सर, त्यांच्या मागं मी. आत शिरतो तर मधल्या वाटेच्या कडेच्या सीटवर मनीषा! बारीक कापलेले केस, जीन्स, हातात मासिक. दिवाळीलाही ती घरी आली नव्हती.

"अरे, ही तर आपली..." सरांनी तोंड उघडलं. रंगनाथनं मागं न बघता त्यांच्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात पुढं कुणीतरी बॅग वर कोंबायला लागलं आणि रांग अडकली. रंगनाथ नेमका लेकीच्या सीटपाशी उभा. न बोलता उभं राहणं या माणसाला कधी जमलेलंच नाही! म्हटलं, गेली पोरीची ड्युटी.

तो जरासा वाकला. "ताई, जेवलात का?"

तिनं मासिकातून डोकं वर काढलं नाही. "जेवले, काका. पुढं सरका, मागं लोक खोळंबलेत."

रंगनाथ मुकाट्यानं पुढं सरकला.