मरतुकड्या कंपनीची राखण

बुडत्या फायनान्स कंपनीचे कागद मी घेतले ते डोळे उघडे ठेवून घेतले, हे आधी सांगतो. शिरूरपासून दौंडपर्यंत लोक अजून म्हणतात, आबाला पुण्याच्या लोकांनी फसवलं. फसवायला मी काय कुणाचं बोट धरून गेलो होतो? कंपनी आजारी आहे हे मला माहीत होतं. आजारी होती म्हणूनच घेतली.

शाळेत मी दोन वर्षं गेलो. बाकीचं शिक्षण मेंढरांमागं झालं, आणि त्यात मी कुणाला हार गेलो नाही. आमचे बाकीचे लोक मेंढरं घेत दिवाळीच्या सुमाराला, चांगली भरलेली. मी घ्यायचो वैशाखात. तेव्हा मेंढरू हाडाला लागलेलं असतं, मालकाला वाटतं आज मरतंय का उद्या, आणि तो निम्म्याहून कमी पैशात देऊन टाकतो. असं मेंढरू खांद्यावर घालून आणायचं, औषध पाजायचं, बाभळीच्या शेंगा चारायच्या. चार महिन्यांत तेच मेंढरू जुन्या मालकाला ओळखू येत नसे. माझा सगळा कळप मी असा उभा केला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. गुडघे दुखायला लागले तसं मेंढरं घेऊन कोकणात जाणं मी सोडलं आणि भीमेकाठी वस्तीवरच राहायला लागलो. दौंडला रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्ड राहत होते. त्यांच्या गुलाबांना मी लेंडीखताची पोती पोचवायचो. एकदा गेलो तर गार्डसाहेब समोर कागद पसरून बसलेले, चेहरा उतरलेला.

"काय झालं साहेब? कुणी गेलं का?"

"कंपनी जाणार, आबा. फंडाचे पैसे हिच्या डिबेंचरात घातले. शंभराला अठरा व्याज देत होती. आता दोन दिवाळ्या झाल्या, चेक नाही."

"हे कागूद इकता येत्यात का?"

"येतात. पण घेणारा वेडा पाहिजे."

"केवढ्याला?"

"शंभराचा कागद कुणी साठला घेतला तर त्याचे पाय धरीन."

"पाय नका धरू. चाळीस."

गार्डसाहेबांनी मला दोनदा बजावलं की आबा, घेऊ नका. तिसऱ्यांदा आत जाऊन सहीसाठी पेन घेऊन आले. शिवाय ओळखीच्या दोघातिघांना निरोप धाडला, तेही आपापले कागद घेऊन आले. माझा हिशोब सरळ होता. चाळीस घालायचे, कंपनी उठून उभी राहिली की त्यावर वर्षाला अठरा खायचे आणि शेवटी शंभर घ्यायचे. वैशाखातलं मेंढरू तरी एवढं कुठं देतं?

पैसे मात्र कमी पडत होते. माझी मेंढरं विकूनही पुरे होईनात. कळपात दहा मेंढ्या कारभारणीच्या होत्या. लग्नात तिच्या बापानं दोन मेंढ्या आंदण दिल्या होत्या, त्यांची ही पिढी. त्यांच्या लोकरीचा पैसा, कोकरांचा पैसा तिचा. आमच्या घरात त्याला कुणी हात लावत नसे. मी तिला वस्तीवर समजावून सांगितलं.

"कंपनी काय खाती?" तिनं विचारलं.

"व्याज देती."

"देती न्हाई, खाती काय त्ये इचारलं म्या."

"लोकास्नी टेंपो घ्याला कर्ज देती, त्यांच्या हप्त्यावर जगती."

"आन् त्यांनी हप्ता दिला न्हाई तर?"

"मी हाय की. वरसाभरात तुज्या धाच्या पंधरा करून देतो."

"पंधरा नगं. धाच आणा. पण मेंढ्या आणा, कागूद नगं."

यावर तिचं हे शेवटचं बोलणं. त्या दहा मेंढ्या बाजारात उभ्या केल्या तेव्हा ती आली नाही. कागद पिशवीत घालून मी घरी आलो तेव्हाही तिनं पिशवीकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कंपनी बघायला दौंडला गेलो. स्टेशनजवळ सायकलच्या दुकानावर माडी होती, तिथं कंपनीची शाखा. आत एक टेबल, एक कपाट आणि मॅनेजर. बिल थकल्यामुळं लाइट तोडलेली, पंखा बंद. मॅनेजर पुण्याचा, तिशी ओलांडलेला. मला बघताच तो उठून भिंतीला टेकला. पैशासाठी आलेली माणसं कॉलर धरत होती, त्याची त्याला सवय झाली होती. मी जवळ गेलो आणि त्याच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं खाली ओढली.

"काय करताय आबा?"

"थांबा. मेंढराचं दुखणं हितं कळतं. लाल पायजे, तुमचं पांढरं हाय. अंगात रगत न्हाई. पगार कवापासून न्हाई?"

"होळीपासून."

"आन् जेवाय?"

"मेस बंद झाली."

मी धडप्यात बांधलेली भाकरी आणि लसूण-चटणी काढून टेबलावर ठेवली. त्यानं खाल्ली. चटणी त्याला झेपली नाही, डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यानं चटणीसुद्धा सगळी संपवली. तेव्हाच मला वाटलं, ही कंपनी जगेल. जिचं माणूस खातं ती मरत नाही.

पुढं चार-पाच महिने मी कंपनी राखली. सकाळच्या एसटीनं दौंड, संध्याकाळच्या एसटीनं माघारी. लाइटचं बिल मी भरलं. झाडलोट मी केली. मॅनेजरला रोज भाकरी. पैसे मागायला कुणी जिना चढून आलं की मी दारातच त्याला अडवायचो.

"आबा, आमचे पैशे हायेत ह्यात."

"माजे बी हायेत. दुखण्यातल्या मेंढीचं कुणी दूध काढतं का? घरी जा. बरी झाली की या."

माणसं जायची. मॅनेजर म्हणाला, आबा, तुमच्यासारखा एक माणूस हेड ऑफिसला असता तर ही वेळ आली नसती. मी म्हणालो, मला वेळ नाही.

मग आम्ही वसुलीला बाहेर पडलो. मॅनेजरची लूना होती, तो पुढं, मी मागं काठी आडवी धरून. केडगाव झालं, पाटस झालं, कोरेगाव भीमापर्यंत जाऊन आलो. कंपनीचं कर्ज घेऊन ज्यांनी टेंपो घेतले होते त्यांच्या दारात जायचं आणि घोंगडं टाकून बसायचं. शिव्या नाहीत, दमदाटी नाही. पाणी द्या म्हणायचं, चहा द्या म्हणायचं, जेवायची वेळ झाली की जेवायचं. तिसऱ्या जेवणाला बहुतेक लोक हप्ता काढून देत. केडगावच्या एका टेंपोवाल्यानं मला नीट विचारून घेतलं.

"आबा, तुमी कंपनीचे कोण?"

"मी तिचा सावकार."

"आन् हे सायब?"

"त्ये तिचे चाकर. पगार न्हाई."

"मंग आमी कोण?"

"तुमी तिचा चारा."

तो हसला आणि दोन हप्ते दिले. म्हणाला, घ्या, पण पुन्हा जेवायला येऊ नका.

वसूल झालेला पैसा मॅनेजर ड्राफ्ट काढून पुण्याला धाडायचा. पुण्याहून उत्तर यायचं, शाबास, अजून पाठवा. माझी त्याच्याशी भांडणं व्हायची ती यावरून. मी म्हणायचो, हितं पाजलेलं हितंच राहू दे, पुण्याला कशाला? तो म्हणायचा, नियम आहे आबा. माडीवरचा पंखा फिरायला लागला, बाकी कंपनीच्या अंगावर मूठभर मास चढलं नाही. मी रोज रिकाम्या हातानं घरी येत होतो आणि कारभारीण विचारत होती, "आज किती मेंढ्या आणल्या?" रोज. जेवायला वाढताना.

मग पाटसच्या पुढं एक आमच्यातलाच माणूस निघाला. त्याचा टेंपो मोडून पडला होता, हप्ते वर्षभर थकलेले. पैसा नाही म्हणाला. मी घोंगडं टाकायला लागलो तसा म्हणाला, "आबा, तुमचं सगळं ऐकलंय मी. बसू नका. अकरा मेंढ्या हायेत, त्या घेऊन जावा आन् कर्ज मिटवा."

मॅनेजर म्हणाला, "कंपनी मेंढ्या घेत नाही."

मी त्याला बाजूला घेतलं. "पैशे घेती आन् पुण्याला देती. मेंढ्यांचा ड्राफ्ट निघतो का?"

"नाही निघत."

"मंग पयल्यांदा काय तरी हितं राहील. घ्या."

त्यानं कंपनीच्या शिक्क्यानं पावती दिली. मी अकरा मेंढ्या हाकत दौंडला आणल्या, तो लूनावर पुढं हॉर्न वाजवत. ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून माडीवरच्या दुसऱ्या खोलीत चढवल्या. सायकलवाला खालून ओरडत होता. मॅनेजरनं पुण्याला फोन लावला.

"साहेब, वसुली झाली. अकरा."

"अकरा काय? हजार?"

"मेंढ्या."

पलीकडच्यानं वही चाळली. मग म्हणाला, मेंढ्यांचं आपल्याकडे खातं नाही, आणि खातं असतं तरी उपयोग नव्हता, कोर्टानं कंपनी बंद करायला सांगितली आहे.

त्याच आठवड्यात बुडालेल्या कंपनीची आवराआवर करायला कोर्टानं नेमलेले साहेब आले, बरोबर शिपाई आणि लाखेचं सील. सामानाची यादी करायला बसले. टेबल एक, कपाट एक, पंखा एक. मग दुसऱ्या खोलीचं दार उघडलं.

"हे काय आहे?"

"जंगम मालमत्ता," मॅनेजर म्हणाला. शिकलेला माणूस, शब्द बरोबर सापडला त्याला.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "सील कसं करायचं ह्यांना? खायला कोण घालणार?"

"मी राखतो," मी म्हणालो. "अर्धलीनं."

"म्हणजे?"

"मेंढ्या कोर्टाच्या. होतील ती कोकरं निम्मी कोर्टाची, निम्मी राखणाऱ्याची. आमच्यात ह्येच चालतं."

साहेबांनी विचार केला. सरकारी पैशानं चारा घ्यायचा तर त्यांना कोर्टाची परवानगी मागावी लागली असती. त्यांनी लिहून दिलं. मी अंगठा उठवला नाही, सही केली.

मेंढ्या वस्तीवर आणल्या. कारभारीण बाहेर आली. एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला, एकीचं तोंड उघडून दात बघितले.

"कुणाच्या ह्या?"

"कोर्टाच्या."

"मंग माज्या कुठं हायेत?"

"ह्यांची निम्मी कोकरं आपली."

"तुमची असतील. म्या धा मेंढ्या दिल्या व्हत्या."

पण त्यांना तिनंच सांभाळलं, हे मी नाकारत नाही. कोकरं झाली. आमच्या वाट्याची नर कोकरं आणि लोकर तिनं विकली आणि पैसा कमरेच्या पिशवीत, आधी साठवलेल्या लोकरीच्या पैशावर घातला. मला दाखवला नाही, मी विचारला नाही.

वर्ष-दीड वर्षानं लिलावाची नोटीस आली. त्या अकरा मेंढ्या आणि कोर्टाच्या वाट्याची कोकरं विकून येईल तो पैसा कंपनीच्या घेणेकऱ्यांना वाटायचा होता. घेणेकऱ्यांत मीही होतो, पिशवीभर कागदांचा. लिलाव दौंडला त्या सायकलच्या दुकानाशेजारच्या रिकाम्या जागेत ठेवला. गार्डसाहेब बघायला आले. मॅनेजर आला, तो तेव्हा डेअरीत लागला होता, पापणी लाल झाली होती त्याची, मी बघितली. बोलीला मुख्य माणूस एकच, दौंडचा एक खाटीक. त्यानं पहिली बोली लावली. गर्दीतून कारभारणीनं त्याच्यावर बोली चढवली. कोर्टाच्या साहेबांनी मान वर करून बघितलं. मला तर ती येणार आहे हेही माहीत नव्हतं.

खाटकानं वाढवलं, तिनं वाढवलं. मग मी वाढवलं.

मॅनेजरनं माझी बाही धरली. "आबा, मावशींच्या वर बोली लावताय तुम्ही."

"मी सावकार हाय. जितकं जास्ती येईल तितकं माज्या कागदाला येईल."

"अहो पण पैसे घरातलेच जातायत."

"घरातलं घरात. हे कंपनीचं काम हाय."

मी पुन्हा वाढवलं. यात माझं काय चुकलं ते मला आजही कुणी पटवून दिलेलं नाही. ज्यानं कागद घेतलेत त्यानं भाव वर नेला पाहिजे. खाटीक आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. मटणाच्या हिशोबात भाव बसेना तसा तो म्हणाला, "नवरा-बायकूच्या भांडणात म्या न्हाई," आणि पान लावायला निघून गेला.

उरलो आम्ही दोघं. तिनं शेवटची बोली लावली आणि पिशवी उघडून आतला तळ मला दाखवला. एवढंच होतं. मी तोंड उघडलं.

"थांबता का आता?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

मी थांबलो. मेंढ्या तिच्या नावावर झाल्या. मी थांबलो म्हणून झाल्या, असं मी म्हणतो. तिला ते मान्य नाही.

लिलावातून आणि बाकीच्या शाखांतून जे जमलं त्यातला माझा वाटा पुढं पोस्टानं आला. तो मी मोजून घेतला. त्यात एक मेंढी आली असती, कानाशिवाय. लिलावातून येताना कारभारणीनं मेंढ्या स्वतः हाकल्या, मला काठी लावू दिली नाही. वस्तीवर आल्यावर त्यातल्या दहा वेगळ्या काढल्या आणि म्हणाली, "ह्या तुमच्या देण्यातल्या, फिटलं. उरल्याली एक आन् कोकरं माजी कमाई."

नंतर शिरूरला दुसऱ्या एका कंपनीचे कागद तीस रुपयांना निघाले. तीसला. मी तिच्याकडं चार मेंढ्या मागितल्या, नीट हिशोब समजावून.

"पयले कागूद हायेत न्हवं तुमच्याजवळ?" ती म्हणाली. "त्ये इका आन् घ्या."

मेंढ्या दिल्या नाहीत. सध्या तिचा कळप मीच राखतो. अर्धलीनं मागितला होता, पण माझ्या दुपारच्या झोपेचा विषय काढून तिनं तिसऱ्या वाट्यावर आणलं. मी कबूल झालो, कारण माझ्यासारखा राखणारा तिला पंचक्रोशीत दुसरा मिळाला नसता.