चार नंबरची एकाग्रता

माणसाचा खरा प्रतिस्पर्धी त्याचं स्वतःचं मन असतं. बेसबॉलमध्ये त्याखेरीज वीस पावलांवर आणखी एक मुलगी उभी असते आणि तिच्या हातात चेंडू असतो.

हे मला पंचेचाळिशीत कळलं, तेही एका नियमामुळे. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत शिक्षिका लागते. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात तेव्हा आम्ही तिघी. एकीचं बाळ लहान होतं, दुसरीला गाडी लागते. उरले मी, मराठी शिकवणारी. "मॅडमचं वाचन दांडगं आहे, त्यांना जमेल," असं प्राचार्य सभेत म्हणाले आणि विषय संपला.

आमच्याकडे बेसबॉल कसा आला, असं बाहेरचे लोक नेहमी विचारतात. उत्तर साधं आहे. गावातलं क्रिकेटचं मैदान मुलांनी जन्मतःच अडवलेलं असतं. बेसबॉल म्हणजे काय हे मुलांना ठाऊक नव्हतं, म्हणून तो मुलींना मिळाला.

क्रीडाशिक्षकांनी मला खेळ दोन मिनिटांत समजावला. समोरची पिचर चेंडू टाकते, आपली मुलगी बॅट फिरवते. तिच्या मागे समोरच्या संघाचीच एक मुलगी तोंडाला जाळी लावून उकिडवी बसलेली असते, ती कॅचर. तिच्या मागे पंच. मारण्याजोगे तीन चेंडू हुकले की बाद, तिघी बाद की डाव संपला. फटका बसला की एकेक बेस, म्हणजे ठरलेला थांबा, गाठत परत बॅटच्या जागी, 'घरी', यायचं; ती एक धाव. "बाकी सगळं मनावर आहे, मॅडम," सर म्हणाले. मन हा विषय मराठीकडे येतो, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

आमच्या संघाचं मन म्हणजे चार नंबर. चौथ्या क्रमांकावर बॅट घेऊन येणारी म्हणून सगळ्या तिला तेच म्हणायच्या, मीही तेच म्हणते. बारावीतली मुलगी, अमडापूरजवळच्या एका वस्तीवरची. सरावात तिने मारलेला चेंडू शेजारच्या सोयाबीनमध्ये जायचा आणि तो शोधायला अर्धा संघ जायचा. मारताना तिचं तोंड सुरू असायचं. कोणाच्या लग्नात काय झालं, कोणाची म्हैस कोणाच्या वावरात शिरली, असं काहीतरी पिचरला सांगता सांगता ती बॅट फिरवायची. मला हा तिचा दोष वाटे. सामन्यात मात्र ती गप्प असायची, गंभीर असायची, आणि तीन चेंडूंत परत यायची.

पालकांच्या संमतिपत्रावर सही घ्यायला मी तिच्या घरी गेले होते. वडिलांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "मॅडम, माहा विरोध नाई. पण यंदा जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर खेळन, नाई तं बंद. दोन वर्षं झाले, पोरगी सकाई पयते, दुपारी पयते, संध्याकाई पयते. पोचली कुठी?"

दाराआडून चार नंबरचा आवाज आला, "अन् निवड झाली तं?"

"झाली तं पय मंग, माय. पार अमरावतीलोक पय."

आई चहा घेऊन आल्या. त्यांना खेळाबद्दल मत नव्हतं, मुलीबद्दल होतं. "कापूस येचताना हे बोलत राह्यली का साऱ्या बायायच्या पुढं जाते. चूप बसली का हात थांबलेच समजा." मी मान डोलावली, चहा प्याले आणि हे वाक्य तिथेच ठेवून आले.

स्पर्धेआधी प्राचार्यांनी मनोबल शिबिर ठेवलं. शहरातून एक वक्ते आले. हार, नारळ, परिचय यांत पाऊण तास गेला. नंतर त्यांनी मुलींना डोळे मिटायला सांगितलं. "चेंडू तुमच्याकडे येतो आहे. तो मोठा होतो आहे. आणखी मोठा. तो आता कलिंगडाएवढा दिसतो आहे!"

मग चार नंबर मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "सर, कलिंगडाएवढा दिसला तं मारा काऊन? कापून खाऊ ना."

मुलींनी डोळे उघडले ते हसायलाच. मीही पदर तोंडाला लावून हसले. शिक्षकांच्या खोलीत पुढे आठवडाभर मी त्या वक्त्यांची नक्कल करून दाखवत होते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मी जे केलं ते याहून फारसं वेगळं नव्हतं. मला हार मिळाला नाही, एवढंच.

स्पर्धा जिल्ह्याच्या ठिकाणी होती. दोन दिवस सामने, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निवड समिती जिल्ह्याच्या संघाची यादी वाचणार. समितीत तिघे जण. त्यांच्यासाठी मांडव, मांडवात गाद्यांच्या खुर्च्या, पुढे टेबल, टेबलावर एक लांबट रजिस्टर. उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांच्या हातात बॅट दिली. रिवाजाप्रमाणे त्यांना अलगद चेंडू टाकला जातो, ते तो मारतात, फोटो निघतो. पाहुणे कॅमेऱ्याकडे बघत होते, त्यामुळे चेंडू हुकला. दुसरा हुकला. तिसराही हुकला, तेव्हा पंचांचा हात सवयीने वर जाऊ लागला होता, तो त्यांनी डोकं खाजवायला वळवला. पाचव्या वेळी चेंडू बॅटला आपण होऊन लागला. टाळ्या झाल्या.

पहिल्या सामन्यात चार नंबर तीनदा आली आणि तीनदा गेली. प्रत्येक चेंडूआधी ती एकदा मांडवाकडे बघायची. त्याच वेळी बाकावरून आमच्या मुली ओरडायच्या:

"खांदा खाली बे!"

"चेंडूकडं पाहाय, चेंडूकडं!"

"घाबरू नोको वं, घाबरल्यावानी दिसून राह्यली तू!"

आता कोणाला तू घाबरलेली दिसतेस असं सांगितलं, तर दुसरं काय होणार? मी रात्री मुक्कामाच्या खोलीत बसून विचार केला. वाचन दांडगं असलं की मनात तयार वाक्यं फार असतात. चित्त, एकाग्रता, मौन, वाऱ्याविना तेवणारी ज्योत. सकाळी मी बाकावर फर्मान काढलं. चार नंबर खेळत असताना कोणी हूं की चूं करायचं नाही. आणि तिला बाजूला घेऊन म्हटलं, "तूही बोलायचं नाही. मन शांत ठेव. मनात काही येऊच देऊ नकोस."

"काहीच नाई?"

"काहीच नाही."

"अन् आलं तं?"

"येईल तसं जाऊ दे."

तिने आज्ञाधारकपणे मान हलवली. पिचरने टाकलेले तीन चेंडू तिने त्या दिवशीच्या सामन्यात पहिल्या खेपेला जसे आले तसे जाऊ दिले.

सामना नांदुऱ्याच्या मुलींशी होता. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. परत येऊन ती माझ्याशेजारी बसली. "मॅडम, राग नोका मानू. एवढं चूपचाप असलं का मले दवाखान्यात नंबर लावल्यावानी वाटते. माहंच काळीज मले आयकू येते." तिचे डोळे भरले होते. "बाबा म्हणलेच होते."

मी तिला आणखी एकदा शांत राहायला सांगितलं.

तिसरी खेप शेवटची. आम्ही एका धावेने मागे, दोन मुली बेसवर उभ्या, दोघी बाद झालेल्या. म्हणजे हिच्यावर सगळं. ती उभी राहिली, मांडवाकडे बघितलं. आमचा बाक माझ्या हुकमाने मुका. त्या शांततेमुळेच पुढचं सगळं मला स्वच्छ ऐकू आलं.

पहिला चेंडू तिने बघितला आणि सोडला. पंच म्हणाले, "स्ट्राइक." नांदुऱ्याची कॅचर एवढा वेळ आमच्या बाकाकडे बघत होती. तिला राहवलं नाही.

"काय वं, तुमच्यातलं कोणी गेलं काय? चूप काऊन बसल्या साऱ्या?"

चार नंबर गप्प.

"तुले तोंड हाय का नाई?"

"हाय. मॅडमनं बंद ठेवायले सांगतलं."

"घ्या! अन् आमचे सर मले म्हणते, बॅटरसंगं बोल बोल बोल, तिचं ध्यान उडव."

दुसरा चेंडू. बॅट फिरली, हवेत. दोन स्ट्राइक झाले. आता एक हुकला की संपलं. कॅचरने चेंडू परत फेकला आणि आपलं नेमून दिलेलं काम पुढे सुरू केलं.

"कुठची होय तू?"

"अमडापूरजवळची."

"अमडापूर? माह्या मावशीले तिथंच देल्लं!"

चार नंबरने बॅट खाली केली. "कोणाच्यात?"

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न एकदा निघाला की तो अर्धवट सोडता येत नाही. मयताला गेलेली माणसंही तो पुरा करून मगच रडतात.

"टाकीजवळच्या घरात. मावसा पोस्टात हाय."

तिसरा चेंडू लांबून गेला. दोघींनी त्याची दखल घेतली नाही.

"तो उंचा? उन्हायात गच्चीवर झोपते अन् घोरून घोरून साऱ्या गल्लीले उठवते तो?"

"हाव! तोच माहा मावसा!"

"चला, बोलणं बंद करा दोघी," पंच म्हणाले. चौथा चेंडू फार उंच गेला. पंचांनी तसं जाहीर केलं, जरा थांबले आणि खालच्या आवाजात कॅचरला म्हणाले, "पोस्टवाले म्हणजे मोताळ्याहून बदलून आले ते काय?"

"हाव सर."

"माह्या वर्गात होता तो. तवाही घोरेच. तासाले."

पिचर कमरेवर हात ठेवून उभी होती. "टाकू का बे, का पाहुणचार होऊन जाऊ दे?"

"टाक वं माय!" कॅचर ओरडली.

चार नंबरने या वेळी मांडवाकडे बघितलं नाही. तिचं बोलणं राहिलं होतं. "अन् तुह्या मावशीची मोठी पोरगी तं माह्या वर्गा–" इथवर ती आली आणि चेंडू आला. बॅट फिरली. सोयाबीनमध्ये जाणाऱ्या चेंडूचा आवाज मला पाठ होता, तोच आवाज आला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून जाऊन मोटारसायकलींच्या रांगेत पडला आणि तिथे कुठल्याशा पेट्रोलच्या टाकीवर वाजला. ती धावली. पहिल्या बेसवर पोचल्यावर मागे वळून ओरडली, "–तच होती!"

बेसवरच्या दोघी घरी आल्या आणि आम्ही जिंकलो. आमच्या बाकाने सकाळपासून कोंडलेला सगळा आरडाओरडा एकदम बाहेर काढला. त्यात माझाही होता. नांदुऱ्याचे सर मैदानाकडेला येऊन आपल्या कॅचरवर कडाडले, "तुले बोलायले सांगतलं होतं, सोयरीक जमवायले नाई!"

कॅचर जाळी वर करून म्हणाली, "सर, नातंच निघालं तं काय करू?"

संध्याकाळी यादी वाचली. सोळा नावं होती. बाराव्या नावापर्यंत चार नंबर माझं मनगट धरून होती, तेराव्याला तिने ते सोडलं. तेरावं तिचं होतं. तिने माझ्याच फोनवरून घरी कळवलं. पलीकडून वडील म्हणाले, "बूट घ्या लागतीन मंग." प्राचार्यांना मी संदेश टाकला. पाच मिनिटांत त्यांनी गटावर लिहिलं, "मनोबल शिबिराचे हे घवघवीत यश," आणि खाली वक्त्यांचा हार घातलेला फोटो.

तो वाचून मला राग आला. राग येण्याचं कारण असं की तोवर माझी स्वतःची उपपत्ती तयार झाली होती. मौनाबद्दलची माझी सगळी मतं मी दुपारी सोडून दिली होती आणि त्यांच्या जागी संवादाबद्दलची घेतली होती. हात मोकळे व्हायला मन गुंतलेलं लागतं, रिकामं नव्हे, असं काहीसं. ते कोणाला तरी जाणत्या माणसाला ऐकवावं म्हणून मी मांडवात गेले. समितीचे प्रमुख सतरंजीवर बसून पाय दाबत होते.

म्हटलं, "सर, आमच्या मुलीच्या दुपारच्या त्या फटक्याबद्दल थोडं बोलायचं होतं."

"कोणता फटका?"

"नांदुऱ्याविरुद्धचा. शेवटचा."

"अच्छा, तेव्हा आम्ही जेवायला गेलो होतो, मॅडम," ते म्हणाले. "वांग्याची भाजी फार छान झाली होती. तुम्ही जेवलात ना?"

त्यांनी सौजन्याने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. तिच्या नावापुढे लिहिलं होतं, "लांबून फेक उत्तम. फलंदाजी बेताची. घ्यावे." शेऱ्याखाली तिघांच्या सह्या होत्या आणि आदल्या दिवसाची तारीख.