टाकीतली गंगा

बंद पडलेले विमान मी पिंपळगाव बसवंतच्या रानात कसे उतरवले, हे नाशकात कुणाला ठाऊक नाही? लग्नाच्या पंगतीत, बारशात, न्हाव्याच्या खुर्चीवर बसूनसुद्धा मी ते शंभरदा सांगितले आहे. पण दरवेळी त्यातला एक घोट गाळून सांगितले. बायको गेली, तिलाही तो कळला नाही. आज मात्र न गाळता ओततो आहे.

आधी थोडी फुशारकी मारू द्या. उतरवणे खरेच झकास झाले होते, आणि ते नाकारले तर आणखी एक खोटे पदरी पडेल.

सन तीसनंतरची गोष्ट. मी मुंबईला विमान चालवायला शिकलो आणि एका गिरणीवाल्या शेठजींकडे वैमानिक म्हणून लागलो. विमान लहानसे—कापडी पंख, उघड्या दोन बैठका, एकीमागे एक. मागे मी, पुढे इस्माईल, आमचा मेकॅनिक. मालेगावच्या विणकराच्या घरातला. माग सोडून इंजिनाच्या नादी लागला म्हणून बापाने दोन वर्षे अबोला धरला होता. पेट्रोल तेव्हा डब्यांतून यायचे आणि डब्यात हमखास थोडे पाणी असायचे. म्हणून ते मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतायचे—पेट्रोल खाली उतरते, पाणी कातड्यावर अडून राहते. इस्माईल हे काम इतक्या सावकाश करी की बघणाऱ्याचे पाय दुखावेत.

त्या फाल्गुनात आम्हाला नाशिकहून धुळ्याला जायचे होते. गावाबाहेरच्या माळावर ही गर्दी! आई पूजेचे ताट घेऊन आली. चाकापाशी नारळ फुटला. मग तिने अक्षता टाकलेली गोदावरीच्या पाण्याची लोटी पुढे केली—आम्ही नाशिककर तिला गंगाच म्हणतो—आणि म्हणाली, "शेपटीवर पळीभर गंगा शिंपड रे."

मी काय म्हणालो? "आई, हे यंत्र आहे, बैल नव्हे." लोक खो खो हसले. आईने ताटावर पदर घेतला.

आता ऐका—त्याच आठवड्यात माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र विमानासकट कोसळला होता. त्याला पोचवून आलो होतो. मला भीती वाटत होती. हो, मला. चार माणसांत आईची टर उडवली खरी, पण तिने खाली ठेवलेल्या लोटीवरून माझी नजर हटत नव्हती. इस्माईल हत्यारे गोळा करायला गेला, तेवढ्यात मी लोटी कोटाखाली घेतली आणि टाकी बघतो असे दाखवत वर चढलो. टाकी वरच्या पंखात असते. झाकण काढले. आईने पळीभर सांगितली होती, तीही शेपटीवर. मी सगळी लोटी टाकीत रिकामी केली.

पाणी तळाशी जाऊन इंजिन गुदमरते, हे मला माहीत नव्हते का? चांगले माहीत होते. तरी ओतले. माझ्या भित्रेपणाची जात तुमच्या लक्षात आली असेल.

उडालो. पिंपळगावावर आलो आणि भीती कुठल्या कुठे पळाली. खाली माझे आजोळ! मामाला दिसावे म्हणून विमान एका पंखावर कलते केले—आणि इंजिन खोकले. एकदा, दोनदा. पंखा थांबला. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नाही. नुसता पंखांमधल्या तारांचा सूर.

उंची पंधराशे फूट. वारा कुठला? वाऱ्याच्या तोंडावर उतरलो नाही तर विमान धावत बांधावर आपटणार, कारण त्याला ब्रेक नव्हते. तेवढ्यात इस्माईल मागे वळून ओरडला, "साहेब, तिवई बघा, तिवई!"

खाली एका खळ्यावर एक बाई तिवईवर उभी राहून हरभरा उफणत होती. तिच्या सुपातून भुसा सरळ पूर्वेला उडत होता. म्हणजे वारा पश्चिमेचा! मी नाक वळवले. बाभळींची रांग चाकाखालून अशी गेली की शेंडे मोजावेत. विमान आडवे घसरवून उंची कमी केली, सरळ केले, आणि हरभरा काढलेल्या रिकाम्या रानात चाके टेकली. धाड नाही, उसळी नाही. चारपाच हातांवर बांध राहिला तेव्हा थांबलो. आजही सांगताना छाती फुगते, फुगू द्या.

बाई सूप घेऊन धावत आली, मागे तिचा नवरा. "लय भारी, साहेब! खळ्यातला दाणा नाय हालला!" मी इस्माईलला मिठी मारली. तो हसत होता, रडत होता, आणि लगेच पाना काढून टाकीखालची गाळणी उघडायलाही लागला होता.

गाळणीत पाणी होते. आणि पाण्यात दोन अक्षता. कुंकवाने लाल झालेल्या.

इस्माईलने त्या तळहातावर घेतल्या. खूप वेळ बघितल्या. मग माझ्याकडे बघितले. मला वाटले, आता हा शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरे झाले असते. तो हळूच म्हणाला, "साहेब, माझ्या तोंडून हे नको. मुसलमान गंगेला बोल लावतो म्हणतील. तुम्ही सांगाल ना शेठजींना?"

"सांगतो," मी म्हणालो.

त्याने अक्षता रानात, बांधाच्या मुळाशी ठेवल्या. सगळे पेट्रोल काढून पुन्हा गाळले. गावाने बांध फोडून वाट सपाट करून दिली, दहाजणांनी शेपूट धरून विमान मागे ओढले, इस्माईलने पंखा फिरवला, आणि आम्ही उडालो! खाली पागोटी हवेत उडत होती. मामा दिसला. तो दिवस इस्माईलचा आणि माझा, दोघांचा होता.

धुळ्याहून नाशकात परतलो तर गंगेकाठी मांडव. हार, पेढे, भाषणे. जो उठेल तो म्हणे, गंगामाईने तारले. मला चांदीची लोटी दिली—हो, लोटीच. आई पहिल्या रांगेत बसली होती, डोळे पुसत.

मांडवामागे शेठजींनी आम्हा दोघांना बोलावले. मी कागदावर लिहून दिले होते की पेट्रोलमध्ये पाणी आले. शेठजींनी इस्माईलला विचारले, "गाळले नव्हतेस?"

"गाळलं होतं, शेठजी." एवढेच बोलला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याने वाट पाहिली. गळ्यात हार, हातात चांदीची लोटी—मी जमिनीकडे पाहिले. शेठजींनी पुन्हा विचारले. मी पुन्हा जमिनीकडे पाहिले. त्याच संध्याकाळी इस्माईलला काढून टाकले. पेट्रोल न गाळणारा म्हणून त्याचे नाव झाले, आणि पुढे कुणीच त्याला विमानाला हात लावू दिला नाही. मी मात्र पुढे अनेक वर्षे उडत राहिलो.

पुष्कळ वर्षांनी मालेगावात स्टोव्ह दुरुस्तीच्या एका दुकानात तो दिसला. रॉकेल गाळत होता—त्याच कातड्यातून, तितकेच सावकाश. मला पाहताच उठला, स्टूल पुसून दिले, चहा मागवला. मग गिऱ्हाइकांना गोळा करून सगळी गोष्ट सांगितली. पंखा थांबला, बाभळी, बांध. हात पसरून विमान करून दाखवले त्याने! "बंद इंजिन आणि हे साहेब—फूल ठेवावं तसं ठेवलं त्यांनी विमान!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याने अक्षता सांगितल्या नाहीत. तिवईसुद्धा सांगितली नाही.

टाळ्या थांबल्या तेव्हा एका गिऱ्हाइकाने विचारले, "पण इंजिन बंद कशानं पडलं?" इस्माईल माझ्याकडे बघत राहिला. तशीच वाट पाहत.

मी चहा प्यायलो. म्हणालो, "पेट्रोलमध्ये पाणी आलं होतं."

पाणी आले नव्हते. मी घातले होते. तिवई इस्माईलने दाखवली, आणि पेट्रोल त्याने गाळले होते.