ढोलीमागचा हेर

नव्या धानाचा वास आला की अजून माझा श्वास अडकतो. सावली गावी, माझ्या सासरी, रविवारी सकाळी टीव्हीवर एक जुनी हेरमालिका पुन्हा लागायची, आणि टीव्ही होता पुढच्या खोलीत, जिथं भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बसत. भासऱ्यांसमोर सुनेनं यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही. मला चुलीपाशी नुसते आवाज ऐकू येत. एका रविवारी ते शेतावर गेलेत असं पाहून मी टीव्हीपुढे बसले, तोच अंगणात त्यांचं खाकरणं ऐकू आलं. आतलं दार पार पलीकडे, म्हणून मी धान साठवायच्या उंच ढोलीमागे शिरले. ते येऊन टीव्हीपुढे बसले. पडद्यावर हेराला तळघरात कोंडलं होतं, इकडे माझ्या नाकात धानाची धूळ गेली आणि मी शिंकले. ते दचकले, पण वळले नाहीत. "बैलाले पानी दाखवून येतो," ते भिंतीला म्हणाले, "कोनाले आत जाचं असन तं जावं." ऐन रंगात आलेला भाग टाकून ते बाहेर गेले. मी मात्र तिथंच उभी राहून हेर सुटेपर्यंत पाहिलं. रात्री जेवताना त्यांनी सासूबाईंना विचारलं, "तो सुटला का वो, माय?" सासूबाईंना काय ठाऊक! मी दाराआड भाताचं गंज, म्हणजे पातेलं, धरून उभी होते, उत्तर ओठांवर आलेलं. आता भासरे नाहीत. परवा मुलानं मोबाइलवर तोच भाग लावून दिला, हेर तळघरातून बाहेर पडला, तेव्हा मी डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीला म्हणाले, "सुटला जी."