सतरा नंबरची निळी नळी

परवा एफिसिया कोक्कोला पुरलं. नवे पाद्रीबाबा तिच्याबद्दल बोलले. शांत होती म्हणाले, सोशिक होती, सगळ्यांशी गोड वागायची. त्यांना गावात येऊन आठ महिनेच झालेत, त्यांचा दोष नाही. पण देवळात बसलेल्या दीडशे माणसांपैकी एकानेही मान वर केली नाही, याचा मला राग आला. मीही केली नाही.

एफिसिया शांत नव्हती. सोशिक तर मुळीच नव्हती. ती आयुष्यभर चिडलेली होती, आणि तिच्या चिडण्यामुळे या गावातली काही पोरं आज आजोबा झाली आहेत.

आमच्याकडे बाकला, म्हणजे जाड दाण्यांच्या शेंगांचं पीक, फुलावर आला की जुन्या बायका शेताकडच्या खिडक्या लावून घेत. फुलांचा वास लहान मुलांना बाधतो, पोर पिवळं पडतं, लघवी काळी होते, असा समज होता. खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबत, पोरांच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधत. आणि महिनाभराने तीच बाई त्याच पोराला मांडीवर घेऊन कोवळे कच्चे दाणे सोलून भरवी.

"खिडक्या लावता आणि तोंडं उघडी ठेवता!" एफिसिया ओरडायची. "अक्कल कुठल्या फटीत कोंबलीत?"

ती आमच्याच गावची, पण जिल्ह्याच्या इस्पितळात कामाला होती. सोळाव्या वर्षी प्रयोगशाळेत काचा धुवायला लागली. रक्ताच्या नळ्या, पेले, पट्ट्या. धुता धुता विचारत राहिली, यात काय होतं, तो रंग कशाला, हे गरम का करायचं. तिथले डॉक्टर कंटाळून सांगायचे, नंतर कंटाळा जाऊन सांगायला लागले. तिशीत आली तेव्हा ती स्वतः रक्त तपासायची. शाळा चौथीपर्यंत.

मी शाळेत शिपाई होतो. घंटा, झाडू, शेगडी आणि हजेरीपट. चौसष्ट सालच्या एप्रिलात ती लाकडी घोडीत नळ्या लावून शाळेत आली. सोबत बाटलीत निळा रंग, दुसऱ्या बाटलीत साखरेचं पाणी, आणि तेल. सेंट मार्कचा सण तीन दिवसांवर होता. त्या दिवशी देवळासमोर नव्या बाकल्याची टोपली आशीर्वाद देऊन उघडतात आणि प्रत्येक मुलाला पाद्रीबाबांच्या हातून मूठभर कच्चे दाणे मिळतात. ते खाल्ले की वर्षभर पोर धडधाकट, असं मानतात. सण व्हायच्या आत तपासणी करायची, हे एफिसियाने ठरवलं होतं. इस्पितळाने तिला एकच दिवस दिला होता आणि रंगही तेवढाच.

मास्तरांनी तिला मुलांसमोर उभं केलं. ती म्हणाली, "तुमच्या घरी चीज करतात ना? दुधात काय टाकतात?"

"कोकराच्या पोटातलं!" पोरं ओरडली.

"किती?"

"चिमूटभर!"

"चिमटीने घागरभर दूध गोठतं. ती चिमूट स्वतः दूध नाही, चीज नाही, पण तिच्याशिवाय काम होत नाही. तसल्या हजारो चिमट्या तुमच्या अंगात आहेत. त्यांना विकर म्हणतात. एक भाकरी पचवतं, एक साखर फोडतं. प्रत्येकाचं एकच काम, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत नाही. या गावातल्या बायकांपेक्षा शहाणी आहेत ती."

मास्तर खोकले. ती थांबली नाही. रक्तातल्या तांबड्या पेशीला गंजापासून वाचवणारी एक राखण असते, म्हणाली. ती राखण रोज झिजते आणि रोज दुरुस्त करावी लागते. ती दुरुस्ती साखरेतून होते, आणि तिची पहिली पायरी एका विकराच्या हातात असते. काही जणांत ते विकर जन्मतः दुबळं, आणि ते दुबळेपण पोराला आईकडून येतं. एरवी कळतसुद्धा नाही. पोर उड्या मारतं, झाडावर चढतं. पण बाकल्याच्या दाण्यात असं काही असतं की ते या राखणीवर तुटून पडतं. ज्याची दुरुस्ती दुबळी, त्याच्या पेशी पटापट फुटतात. "मग पोर पिवळं पडतं. वासाने नाही. समजलं?"

मी मागे शेगडीपाशी उभा होतो. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपल्या आत इतकं काम चाललेलं असतं आणि आपण नुसते घंटा वाजवत असतो.

एक्केचाळीस मुलांची बोटं टोचली. ती नंबर घालायची, मी नंबरासमोर नाव लिहायचो. रक्त, साखर, निळा रंग, वर तेलाचा थर, आणि नळ्या कोमट पाण्यात. विकर धड असेल तर दीड-दोन तासांत निळेपणा उतरतो. नसेल तर तसाच राहतो.

दोन तासांनी अडतीस नळ्यांचा निळेपणा उतरला. तीन निळ्या राहिल्या. पाच, सतरा आणि तीस.

एफिसिया हात धुवायला आडावर गेली होती. माझी बहीण अंतिओगा मला जेवण द्यायला आली होती. तिचा गावीनू सात वर्षांचा. त्याने तिला दारातच सांगितलं होतं, मी सतरा, मी रडलो नाही. अंतिओगाने नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रैमुंदू, हे कुणाला कळता कामा नये."

"अगं, पण पोर..."

"पोराला मी सांभाळेन. मोठीचं लग्न जुळलंय, सप्टेंबरात आहे. आईकडून येतं म्हणते ना ती सटवी? मग मला काय म्हणतील? माझ्या मुलीला काय म्हणतील? सडक्या रक्ताची! तू माझा भाऊ आहेस की तिचा?"

मी दौत लवंडली. फार विचार केला असं म्हणणार नाही. पंधरा ते बावीस, आठ नावं शाईत बुडाली.

एफिसिया आली आणि कागदाकडे बघत राहिली. "हे काय?"

"हात लागला."

"हात लागला! चाळीस वेळा टाक बुडवलास तेव्हा नाही लागला?" तिने आठ नावं विचारली. मी हजेरीपटावरून आठही सांगितली. "यातला सतरा कोण?"

"इतकी पोरं होती. कसं आठवणार?"

ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मी झाडू घेतला आणि झाडलेलीच जागा पुन्हा झाडायला लागलो.

पाच आणि तीस या दोन घरांत तिने दार लावून सांगितलं. त्या पोरांना सणाच्या दिवशी खोटा ताप आला. बाकी आठ घरांत ती पुढचे दोन दिवस सायकलने येऊन हिंडली. बोट पुन्हा टोचू द्या म्हणाली. ते नको तर नुसते दाणे खायला घालू नका म्हणाली. आठही दारं लागली. माझ्या बहिणीचं दार सगळ्यात जोरात लागलं.

"आमच्याकडे तसलं काही नाही," प्रत्येक बाई म्हणाली. "शेजारी बघ."

आणि मग आमच्या गावालाच सुचेल असा वेडेपणा झाला. ज्याचं पोर टोपलीपाशी दिसणार नाही त्याच्यावर संशय. म्हणून सणाच्या सकाळी आठही जणींनी आपापली पोरं केस विंचरून, पांढरे सदरे घालून रांगेत सर्वांत पुढे उभी केली. रक्त चोख असल्याचा पुरावा म्हणून! अंतिओगाने गावीनूला दुसऱ्या नंबरवर उभं केलं होतं. त्याच्या कानात ती काहीतरी सांगत होती. नंतर कळलं, तोंडात धर, गिळू नकोस, असं सांगत होती. सात वर्षांच्या पोराला.

तेव्हाच्या पाद्रीबाबांनी टोपलीवर पाणी शिंपडलं. पहिल्या पोराने ओंजळ पुढे केली, आणि एफिसिया गर्दी कापत आली ती थेट टोपलीवर बसली. टोपलीच्या कडा मोडल्या.

"ऊठ, पोरी," पाद्रीबाबा म्हणाले. "हा देवाचा दिवस आहे."

"असू दे. यातल्या एका पोराचा शेवटचा दिवस करायचा नाहीये मला."

"लग्न मोडलं म्हणून आमच्या पोरांवर राग काढते," मागून कुणी बाई म्हणाली. आणखी दोघी-तिघी हसल्या.

"मोडलं!" एफिसिया उभी राहिली, पण टोपलीवर एक पाय ठेवून. "मोडलं कारण मी स्वतः जाऊन सांगितलं, माझ्या आईचं रक्त माझ्यातही असेल. तुमच्यासारखं लपवलं नाही. माझा धाकटा भाऊ पेप्पिनू पाच वर्षांचा होता. बाकल्याच्या शेतात मी त्याला मांडीवर घेतलं होतं. मी नऊ वर्षांची. मीच सोलले, मीच भरवले. तो म्हणत होता अजून दे. तिसऱ्या दिवशी गेला. आणि तुम्ही माझ्या आईला काय म्हणालात? खिडकी उघडी राहिली असेल! मरेपर्यंत ती बाई त्या खिडकीकडे बघत बसायची. खिडकी बंद होती! मी बंद केली होती!"

कुणी हसलं नाही. पण कुणी पुढेही आलं नाही. ती एकेका बाईपुढे जाऊन उभी राहिली. "तुझा सतरा? तुझा? बोला की! पोरं मेल्यावर रडायला तोंडं उघडतील, आत्ता का मिटलीत?"

तेवढ्यात पाद्रीबाबांनी, गोंधळ मिटावा म्हणून असेल, टोपलीतून हाताला लागली ती मूठ काढून दुसऱ्या नंबरच्या पोराच्या हातात दिली. गावीनूने एक दाणा तोंडात टाकला. बाकीचे मुठीत.

मी कधी चारचौघांत बोललेलो नाही. त्या दिवशी काय बोललो तेही मला आठवत नाही; लोक सांगतात की मी ओरडलो, "सतरा तो आहे! माझा भाचा आहे! शाई मीच सांडली!"

एफिसियाने गावीनूचे गाल दोन बोटांत दाबले. "थुंक!" तो थुंकला. दाणा अख्खा होता. तिने त्याची मूठ उघडून उरलेले दाणे काढले, आपल्या एप्रनच्या खिशात टाकले. मग माझ्याकडे आली. मला वाटलं, बरं काही बोलेल.

"तीन दिवस," ती म्हणाली. "तीन दिवस तुला माहीत होतं. माझे पाय बघ, सायकल मारून सुजलेत. आणि तू झाडू मारत होतास."

अंतिओगा फक्त एवढंच म्हणाली, "मला भाऊ नाही." ते तिने अकरा वर्षं पाळलं. सप्टेंबरचं लग्न मोडलं. भाचीचं पुढे दुसरीकडे झालं, चांगलं झालं. पण तिनेही मला बोलावलं नाही.

त्या आठवड्यात बाकीच्या सातही जणी पोरांना घेऊन जिल्ह्याला गेल्या. सगळ्यांच्या नळ्यांचा निळेपणा उतरला. त्यातली एकही बाई एफिसियाचे आभार मानायला गेली नाही. दरवर्षी एप्रिलात ती नळ्यांची घोडी घेऊन येत राहिली, दरवर्षी भांडत राहिली, आणि नावं स्वतः लिहायला लागली. मी कोमट पाणी ठेवायचो. मला ती नावाने कधी हाक मारत नसे. "ए सतरा, पाणी गार झालंय." पन्नास वर्षं मी सतरा होतो. गेल्या हिवाळ्यात तिला दिसेनासं झालं तेव्हा मी रोज सकाळी पाव घेऊन जायचो. पायांच्या आवाजावरून ओळखायची. "आला का सतरा? आजसुद्धा गप्पच बसणार आहेस?"

परवा तिची पेटी पुढच्या बाजूने गावीनूने खांद्यावर घेतली होती. आता तोही साठीजवळ आला आहे, ढेरी सुटली आहे. पाद्रीबाबा शांत म्हणाले, सोशिक म्हणाले, आणि तो खाली बघत रडत होता. मी पाचव्या बाकावर बसून होतो. उठून बोलायला हवं होतं की बाबा, तुम्ही भलत्याच कुणाबद्दल सांगताय.

मी उठलो नाही. आज तिसरा दिवस आहे. एवढं लिहून झालं की कागद घेऊन पाद्रीबाबांकडे जाणार आहे. रविवारी देवळात मोठ्याने वाचा म्हणून सांगणार आहे.