साहेबांच्या पाहुण्याचं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या भटवाडीत जयवंत घाडीला ओळखत नाही असं मालवणी घर सापडायचं नाही, आणि तो कुणी मोठा माणूस आहे म्हणून नव्हे. सरकारी ड्रायव्हर आहे बिचारा. पण कुणाकडे पूजा असो की कुणी नव्या खोलीत पाय ठेवणार असो, हातात नारळ देऊन पुढे उभं करतात ते त्यालाच. देवापुढे उभं राहून घरातल्या माणसांची नावं घ्यायची, त्यांच्या मनातलं मोठ्याने मागायचं, आणि जमलेल्यांनी दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, हे गाऱ्हाणं. एरवी जयवंत म्हणजे घुम्या. चार शब्द विचारा, एक परत मिळेल. पण नारळ हातात आला की आवाज थेट कोपऱ्यावरच्या चक्कीपर्यंत. बाप गिरणीत होता, आवाज त्याचा. बापानेच शिकवलेलं, की गाऱ्हाण्यात माणसाचं नाव आणि काम खरं सांगायचं, नाहीतर मागणं पोचत नाही.

जयवंत गाडी चालवायचा ती केंकरे साहेबांची. श्यामसुंदर केंकरे, बंदरांच्या खात्यातले बडे अधिकारी, राहायला मुलुंडला. साहेब माणूस म्हणून चांगले, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकून त्यांना राक्षस ठरवायची घाई होईल. करोनात जयवंतच्या बायकोचा, शेवंतीचा, श्वास लागला तेव्हा मुंबईत खाट मिळत नव्हती. चार हॉस्पिटलांनी दारातूनच परत पाठवलं. साहेबांनी एक फोन केला आणि खाट मिळाली. वर स्वतः मास्क लावून हॉस्पिटलच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. ड्रायव्हरच्या बायकोसाठी कोण करतं हो एवढं?

तर हे साहेब गेल्या गणपतीत जयवंतच्या खोलीवर दर्शनाला आले. सोबत एक परदेशी पाहुणा होता, कुडता घातलेला, हसतमुख. हा पाहुणा सुट्टीच्या दिवशी साहेबांच्या गाडीत दोन-तीनदा बसला होता, म्हणून जयवंतला चेहरा नवा नव्हता. त्या दिवशीही दोघांना तोच घेऊन आला. वाटेत साहेब म्हणाले होते, आज आमच्या बंदराच्या कामासाठीही माग रे देवाकडे. जयवंतची छाती फुगली. त्याने नारळ घेतला आणि मागितलं. खोलीभर माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली, पाहुण्यानेही हसून हात जोडले. पोरीने, जान्हवीने, मखरापुढे साहेबांचा आणि पाहुण्याचा फोटो काढला, मध्ये नारळ घेतलेला जयवंत. फोटो फेसबुकवर गेला, आणि फ्रेम करून भिंतीवरही. साहेब आपल्या घरी आले, हे काय लपवायचं असतं?

लपवायचंच होतं, हे उन्हाळ्यात कळलं. पाहुणा त्याच्या देशाच्या वकिलातीतला माणूस निघाला. परदेशी सरकारच्या माणसाला भेटलं तर अधिकाऱ्याने वर कळवायचं असतं, असा नियम. साहेबांनी आणि मंत्र्याच्या कार्यालयातल्या दोघांनी कळवलंच नव्हतं, आणि बंदराचं काम त्याच देशाच्या कंपनीला गेलं होतं. पेपरात बोंबाबोंब झाली. साहेबांनी लिहून दिलं की मी या माणसाला ऑफिसबाहेर कधी भेटलोच नाही. दुसऱ्याच दिवशी टीव्हीवर जयवंतच्या घरचा गणपती झळकला. जान्हवीने रडून डोळे सुजवून घेतले.

साहेबांनी जयवंतला मुलुंडला घरी बोलावलं आणि चहाचा कप स्वतः हातात दिला. इतक्या वर्षांत तो त्या सोफ्यावर पहिल्यांदा बसला. साहेबांचं मागणं छोटंसं होतं. पाहुणा दर्शनाला आपला आपण आला होता, मी आलो तेव्हा तो तिथे बसलेला होता, आमची तेवढीच गाठ पडली, असं चौकशीत सांगायचं. गणपतीला कोण कुठून येतं, कुणी विचारतं का? खरंच कुणी विचारत नाही. आमच्या चांगल्या रितीच्या आडोशाला खोटं कसं छान बसवलं होतं बघा. जयवंतने चहा संपवून कप टेबलावर ठेवला. निघताना साहेबांनी विचारलं, “शेवंतीची तब्येत बरी आहे ना आता?”

हे मायेने विचारलं की आठवण करून दिली, ते जयवंतला आजही सांगता येत नाही.

चाळीतल्यांचं मत रोखठोक होतं. सांगून मोकळा हो यार, तुझ्या बापाचं काय जातंय? शेवंती तर हातातली भाजी खाली ठेवून समोर येऊन बसली. भिंतीवरची फ्रेम आता काढलेली होती, नुसता खिळा राहिला होता. त्याच्याकडे बोट करून म्हणाली, “तेंनी फोन केल्यानी नसतो तर थंय माझो फोटो असतो.”

खोटं सांगायचं, असं ठरवूनच तो चौकशीला गेला.

चौकशी करणाऱ्या शर्मिष्ठा दातार म्हणून बाई होत्या, शांत आवाजाच्या. जयवंतने घोकलेलं वाक्य म्हटलं. पाहुणा आपला आपण आला होता. बाईंनी लिहून घेतलं. मग फोटो पुढे सरकवला आणि सहज विचारलं, “हातात नारळ आहे. गाऱ्हाणं घातलंत का?”

“व्हय. म्हणजे, हो.”

“काय मागितलंत?”

याचं खोटं उत्तर त्याने तयार केलं नव्हतं. आणि ऐनवेळी करता येईना. इथे देव नव्हता, नारळ नव्हता, नुसता पंखा गरगरत होता, तरी जयवंत खुर्चीवरून उठला. गाऱ्हाणं बसून सांगत नाहीत. शब्द तेच निघाले. “बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पायाशी केंकरे सायब इले हत. आपल्या परदेशातल्या पावण्याक घेवन इले हत. दोघांनी मिळान बंदराचा जा काम हातात घेतल्यानी हा, ता तडीस ने रे म्हाराजा.”

बाईंना सगळं कळलं. आधीचं वाक्य खोडायला जयवंतनेच सांगितलं.

त्याच्यामागून साहेबांना आत बोलावलं. बाहेर आले ते पांढरेफटक. सवयीने गाडीच्या मागच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि सवयीनेच जयवंतने दार उघडलं. जयवंतने गाडी मुलुंडला आणली. उतरताना साहेब म्हणाले, “घरी सांग, गोळ्या वेळेवर घे म्हणावं.” जयवंत गाडीतच बसून ढसाढसा रडला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेब निलंबित झाले. जयवंतची गाडी गेली, आता खात्याच्या शेडमध्ये नुसता बसून असतो. चाळीतले तोंडावर काही म्हणत नाहीत. शेवंती ताट वाढते, पण बोलणं कामापुरतं. माझ्या जिवाचं ऋण तुम्ही असं फेडलंत, एवढं एकदाच बोलली. खरं बोललेला माणूस सुखी होतो असं कुणी सांगत असेल तर त्याने भटवाडीत येऊन जयवंतला बघून जावं.

यंदा गणपती आला. माणसं नेहमीसारखी जमली, फ्रेमच्या खिळ्यावर जान्हवीने झेंडूची माळ अडकवली होती. जयवंतने नारळ घेतला आणि एकेकाचं नाव घेऊन मागत गेला. साथ जोरात होती. मग त्याने नारळ जरा वर उचलला.

“केंकरे सायबांचो वायट काळ चललो हा. तेंच्या घराक सांभाळ रे म्हाराजा.”

‘व्हय म्हाराजा’ आलंच नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. ज्याने साहेबांना बुडवलं तोच त्यांच्यासाठी मागतोय, यावर काय म्हणायचं ते कुणाला कळेना. जयवंत नारळ धरून तसाच उभा राहिला. साथ मिळाल्याशिवाय पुढचं नाव घेता येत नाही.

स्वयंपाकघराच्या दारात शेवंती उकडीने माखलेले हात घेऊन उभी होती. तिने ते तसेच जोडले.

“व्हय म्हाराजा,” ती म्हणाली.