न पिणाऱ्यांनी निवडलेली वाइन

रिकाम्या बाटल्या कुणी मुद्दाम साठवत नाही. आज एक कोपऱ्यात ठेवली, उद्या दुसरी, आणि एके दिवशी दार ढकलावं तर दार उघडतच नाही! सरकारी पाहुणेघरातल्या आमच्या अबदारखान्यात किस्स्यांचंही तसंच झालंय. परवा कॉलेजातले जुने सोबती बडोद्याच्या सुरसागर तळ्याच्या काठावर भेटले. “काय रे, नोकरी कशी काय?” एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बसा. उठू नका मग!

अबदारखाना म्हणजे पाहुण्यांच्या पाण्यापासून शॅम्पेनपर्यंत, जे जे प्यायचं ते सगळं ठेवायची जागा. तिथले मुख्य रावजीकाका. त्यांचे आजोबा सरकारी पागेत घोड्यावर होते. हे चाळीस वर्षं बाटल्यांवर आहेत. त्यांच्या हाताखाली मी. बी.ए.!

*

माझी नेमणूक कशी झाली ते आधी सांगतो.

परीक्षेचा निकाल लागून महिना झाला होता. डोक्यात देश, समाज, सुधारणा! महाराजांनी गावोगाव शाळा काढल्या, वाचनालयं काढली. आपण त्या कामात उडी घ्यायची, अशा जोशात मी अर्ज केला. हुकूम आला पाहुणेघराचा. तिथले कामदार नानासाहेब, म्हणजे आमचे वरिष्ठ, म्हणाले, “इंग्रजी मेन्यू लिहिता येईल?”

“येईल.”

“कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाइन, तेही ठरवावं लागेल. कधी घेता का?”

मी ताडकन उभा राहिलो. “साहेब, मद्यपानाविरुद्ध कॉलेजात मी दोन भाषणं केली आहेत!”

“उत्तम! मग उद्यापासून या.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण अबदारखान्याचा तो जुना दंडकच निघाला. रावजीकाकांनीही जन्मात थेंब चाखलेला नाही. “पिणारा माणूस स्वतःच्या जिभेसाठी निवडतो,” ते म्हणाले, “आणि पाहुणा बिचारा त्याच्या जिभेनं जेवतो.”

म्हणजे बडोद्याला येणाऱ्या यच्चयावत गोऱ्या पाहुण्यांची वाइन निवडायची दोघांनी, आणि दोघंही कोरडे!

त्याच दिवशी आणखी एक कळलं. नानासाहेबांच्या टेबलावर मुंबईच्या एका बड्या बटलरचा अर्ज पडून होता. विलायतेत शिकलेला, पन्नास वाइन जिभेनं ओळखणारा. तो आला की रावजीकाकांची बदली दिवाबत्तीकडे. काचा पुसायला!

“काका, तुम्ही काही बोलत का नाही?” मी चिडून विचारलं.

“बोलायचं काय? पाहुणे येताहेत. तो बर्फ आधी आत घे.”

*

मी एक इंग्रजी पुस्तक मिळवून रात्रंदिवस पाठ केलं. माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर तांबडी. शेरी सुरुवातीला, पोर्ट शेवटी. झालं! यात चाळीस वर्षं घालवण्यासारखं काय आहे?

एकदा पाहुण्यांनी हौसेनं आपला मटणाचा तांबडा रस्सा मागवला. मी मेन्यूवर लिहिलं, क्लॅरेट. म्हणजे तांबडी. रावजीकाकांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाले, “बरं. पण चार जणांना तुझी दे, चार जणांना मी हॉक देतो.” हॉक म्हणजे जर्मनीची पांढरी, किंचित गोडसर.

जेवण झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. मोठ्या टेबलावर प्रत्येक पाहुण्याची उष्टी थाळी आणि शेजारी त्याचा उष्टा ग्लास, जोडीजोडीनं मांडलेले. हीच त्यांची विद्या! कुठल्या ताटात काय उरलं आणि ग्लासात किती उरलं, हे रोज बघायचं. चाळीस वर्षं!

माझे चारही ग्लास जवळजवळ भरलेले. त्यांचे चारही कोरडे ठणठणीत.

“पण पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, मटणाबरोबर तांबडी!”

“असेल ना. ज्यानं लिहिलं त्यानं आपला रस्सा खाल्लाय का, एवढं विचारून घे.”

*

आता जरा घरचं. पाणीगेटच्या एका गृहस्थांकडे माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. घराणं चांगलं, वडील शाळामास्तर, मुलगी इंग्रजी चौथी शिकलेली. मी खूश होतो. बैठकीत त्यांनी विचारलं, “जावईबापूंचं काम नेमकं काय?”

आमच्या मामांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा गुण मला त्या दिवशी पहिल्यांदाच खटकला. ते म्हणाले, “सरकारी पाहुण्यांना जेवणाबरोबर कुठली दारू द्यायची, ते हा ठरवतो.”

चहाचे कप जागच्या जागी थांबले. आतल्या दाराचा पडदा हलला. मास्तर एवढंच म्हणाले, “असं!” आणि पंचांग मिटून ठेवलं.

आम्ही परत आलो. आईनं माझी पत्रिका पुन्हा डब्यात ठेवली.

पुढच्या आठवड्यात मास्तर एकटेच पाहुणेघरावर हजर. इकडेतिकडे बघत त्यांनी उपरण्याखालून एक बाटली काढली. “एका विद्यार्थ्याच्या बापानं आफ्रिकेहून आणून दिली. टाकून देणं बरं दिसत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “ही थालीपिठाबरोबर चालते का हो?”

*

माझी एक मोठी तक्रार होती, अजून आहे. आपल्या राज्यात येऊन पाहुण्यांनी उकडलेले बटाटे का खावेत? आठवड्यातून एकदा तरी त्यांना आपलं मराठी ताट वाढा, असा अर्ज मी नानासाहेबांना केला. शेरा आला, “पाहू.”

दुसरा अर्ज केला. “पाहू.”

तिसऱ्या अर्जाच्या डोक्यावरच मी लिहिलं, ‘पाहू’ सोडून दुसरा कुठलाही शेरा चालेल.

अर्ज अर्ध्या तासात परत आला. शेरा होता, “पाहिले.”

*

सावली गावाकडचे एक पटेल एकदा जेवायला होते. शेतीची पाहणी करायला एक विलायती तज्ज्ञ आले होते, त्यांना माहिती द्यायला पटेलांना मुद्दाम बोलावलेलं. पांढरी पगडी, हातात काठी, ताटात फक्त रोटली आणि बटाट्याचं शाक. ते पिणारे नव्हते, पण टेबलाची पद्धत म्हणून त्यांच्यापुढेही क्लॅरेटचा ग्लास भरलेला.

तज्ज्ञसाहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि सांगितलं की हिंदुस्थानात इतकी सुंदर क्लॅरेट आपण प्रथमच पितो आहोत. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

पटेलांनी ग्लास उचलला. नाकाजवळ नेला. खाली ठेवला. आणि मागे उभ्या असलेल्या रावजीकाकांना मोठ्यानं म्हणाले, “रावजीभाई, आ तो बगडी गयुं छे!” म्हणजे, हे तर बिघडलंय!

नानासाहेबांचा चेहरा पांढराफटक. रावजीकाका वाकले, ग्लासाचा वास घेतला, आणि सगळ्यांचे ग्लास उचलून नवी बाटली उघडली. खरोखरच बूच कुजलं होतं. वाढायच्या घाईत बाटली वास न घेताच ओतली गेली होती, आणि ती ओतली होती मी!

नंतर मी पटेलांना विचारलं, “तुम्ही पीत नाही, मग कळलं कसं?”

“भाई, आमचं धान्य पेवात असतं, जमिनीखाली. पेव उघडलं की बुरशीचा वास आधी नाकाला कळतो. नाही कळला, तर वर्षभर पोरंबाळं खाणार काय?”

तज्ज्ञसाहेबांना मी हे इंग्रजीत सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. नवी क्लॅरेटही त्यांना हिंदुस्थानातली सर्वांत सुंदर वाटली.

*

आता माझा पराक्रम. हा सांगताना कान अजून गरम होतात, पण सांगतो.

एका इंग्रज जोडप्यानं आपण होऊन मराठी जेवण मागितलं. मी हवेतच! पण मेन्यू लिहायला बसलो आणि अडलो. त्यांच्या जेवणात पदार्थ एकामागून एक येतात, म्हणून वाइनही एकामागून एक येते. आपल्या ताटात सगळं एकदमच! चटणी, कोशिंबीर, आमटी, भाजी, पापड, भात, पुरण, एका वर्तुळात. मग वाइन कुठली आणि केव्हा?

मला तोड सुचली. सात पदार्थांना सात वाइन, सात छोट्या ग्लासांत, ताटाभोवती वाट्यांसारख्या मांडून!

आमचे आचारी वामनभटजी ते बघून म्हणाले, “अरे बी.ए., जेवायला जागा ठेवलीस का कुठे?”

“भटजी, काळ बदलतोय!”

“बदलू दे. माझी आमटी सांडू नकोस म्हणजे झालं.”

रावजीकाका नुसतं म्हणाले, “तू साहेबाला आधी काय काय सांगितलंस?”

मी सांगितलं होतं की आपल्याकडे भात मधोमध असतो, आणि भोवती मांडलेलं थोडं थोडं त्यावर घेऊन कालवायचं असतं.

साहेब आज्ञाधारक. त्यानं आमटी भातावर घेतली. मग तूप. मग शेरी. मग क्लॅरेट. मग मडमेनं त्याच्याकडे बघून स्वतःच्या भातावर पोर्ट ओतली! कालवलं आणि दोघांनी शेवटच्या शितापर्यंत संपवलं. साहेब नानासाहेबांना म्हणाला, “फारच वेगळी चव!”

आत रावजीकाका ताटं बघत उभे होते. “सगळं संपलंय,” ते म्हणाले. “चूक म्हणता येत नाही.”

नानासाहेबांना मात्र म्हणता आली! अबदारखान्याचा जबाबदार माणूस कोण? रावजी. मी ओरडून सांगितलं की कल्पना माझी होती, शिक्षा मला करा. नानासाहेबांनी टेबलावरचा मुंबईचा अर्ज उचलला, झटकला आणि खिशात ठेवला.

*

आणि आता शेवटचा.

त्यानंतर पंधरा दिवसांत फ्रान्सचे एक म्हातारे गृहस्थ आले. घरचे द्राक्षांचे मळे, चार पिढ्यांचं तळघर. मुंबईत त्यांना ज्यांनी ज्यांनी मेजवान्या दिल्या, त्या सगळ्यांनी हात टेकले होते. कारण हा पाहुणा प्रत्येक वाइनचा एक घोट घेई, ग्लास बाजूला ठेवी, आणि पुन्हा मागत नसे. कुणाकडेच नाही.

नानासाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. “रावजी, उद्या दुपारी यांना मराठी ताट आहे. त्यांचीच इच्छा. तुमच्या हातचा एक जरी ग्लास त्यांनी दुसऱ्यांदा मागितला, तर हा मुंबईचा अर्ज मी फाडतो. नाही मागितला, तर चार वाजता तार करतो. मग माझ्याकडे विनवण्या घेऊन यायचं नाही.”

“साहेब, हा अन्याय आहे!” मी म्हणालो. “जो मुंबईत कुणाकडे...”

“बी.ए.,” रावजीकाका म्हणाले, “सोऱ्याचं पाणी तयार कर. बाटल्या पहाटेपासून गार व्हायला हव्यात.” सोरा म्हणजे एक खार; तो विरघळला की पाणी बर्फासारखं गार पडतं.

दुसऱ्या दिवशी वामनभटजींनी जीव ओतला होता. पुरणपोळी, कटाची आमटी, भरली वांगी, मसालेभात. पाहुणे पाटावर मांडी घालून बसले, ते सुद्धा न कुरकुरता. शेजारी नानासाहेब. दुभाषा म्हणून मी. मागे रावजीकाका, हातात नॅपकिन.

काकांनी लगेच बाटली उघडली नाही! पाहुण्यांचा हात आधी कुठे जातो, ते बघत उभे राहिले. हात गेला वांग्याकडे. काकांनी हॉक ओतली. पाहुण्यांनी घोट घेतला, मान हलवली, ग्लास बाजूला ठेवला.

मग आमटी. काकांनी क्लॅरेट दिली. एक घोट. बाजूला.

मग पुरणपोळी. पहिली, दुसरी, तूप आणखी! शॅम्पेन दिली. एक घोट. बाजूला. जेवण मात्र असं चाललं होतं, की भटजी दाराआडून डोळे पुसत होते.

नानासाहेबांनी घड्याळ काढून पाहिलं. मी काकांकडे बघितलं, तर ते जागेवर नव्हते!

मिनिटभरानं आले. हातात काचेची सुरई, दवानं भिजलेली. आतलं पेय लालसर, स्वच्छ, पलीकडचं बोट दिसावं इतकं. मी ओळखलं. भटजींनी आम्हा नोकरमाणसांच्या पंगतीसाठी केलेलं कोकमाचं सार! दोनदा पातळ फडक्यातून गाळलेलं, सोऱ्याच्या पाण्यात गार केलेलं. काकांनी ते उंच दांड्याच्या सर्वांत नाजूक ग्लासात ओतलं आणि पाहुण्यांच्या उजव्या हाताशी ठेवलं, जसं चाळीस वर्षं ठेवत आले तसं.

पाहुण्यांनी ग्लास उजेडात धरला. हलवला. नाक आत घातलं. एक घोट घेतला. थांबले. पुरणपोळीचा तुकडा खाल्ला, आणि दुसरा घोट घेतला. मग तिसरा. मग ग्लास तोंडाला लावून संपवला, आणि मागे न बघता रिकामा ग्लास खांद्यावरून वर धरला.

काकांनी भरला.

नानासाहेबांचा हात खिशातल्या अर्जाकडे गेला आणि तिथेच थांबला. पाहुणे माझ्याकडे वळले आणि फार गंभीरपणे म्हणाले, “यांना विचारा, ही वाइन कोणत्या वर्षाची?”

मी विचारलं.

रावजीकाकांनी सुरईचं तोंड नॅपकिननं पुसलं आणि म्हणाले, “आज सकाळची, म्हणावं.”